तंत्र बॅगेत मावतं, संच मावत नाही

वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती तुम्ही कधी बारकाईने वाचल्या असतील, तर दोन शब्द तुमच्या ओळखीचे असतील : 'नव्या संचात'. जुनं गाजलेलं नाटक पुन्हा रंगमंचावर येतं, तेव्हा ते 'नव्या संचात' येतं. गंमत बघा. संच हा शब्द आपण भांड्यांना, पुस्तकांना, हत्यारांना वापरतो, आणि त्यातला एक तुकडा हरवला तर संच मोडला म्हणतो. नाटकात मात्र नायक बदलला, नायिका बदलली, दोन विनोदी पात्रं मालिकेच्या शूटिंगमुळे सोडून गेली, तरी संच तयारच! फक्त नवा.

इंग्रजीत ज्याला 'एन्सेम्बल' म्हणतात त्याला मराठीत 'संच' हाच खरा शब्द आहे. अर्थात दोन्हींमध्ये फरक आहे, आणि माझ्या मते परदेशात जाऊन नाटक शिकण्याचा सगळा प्रश्न त्या फरकात अडकलेला आहे.

आधी दोन गोष्टी साध्या भाषेत सांगतो. लेखकाने आधी लिहून दिलेली संहिता न घेता, नटांनी तालमीत शोधून, करून बघून, टाकून, पुन्हा करून उभं केलेलं नाटक म्हणजे 'डिव्हाइज्ड' नाटक. आणि एकाच जागी, एकाच छपराखाली, वर्षानुवर्षं एकत्र काम करणारी, बहुतेक ठिकाणी महिन्याचा पगार मिळणारी नाट्यसंस्था म्हणजे निवासी कंपनी. सध्या रुईया, रुपारेल, कीर्ती किंवा परळच्या एम. डी. कॉलेजात एकांकिका केलेल्या मुलांपैकी काही जण अशा कंपन्यांकडे शिकायला जातात. कुणी सहा महिने, कुणी वर्ष. घरचे कर्ज काढतात. म्हणूनच तिथून आणायचं काय, हा प्रश्न नुसता चर्चेचा राहत नाही, त्यावर कुणाच्या तरी घरचा हप्ता चालू असतो.

आपल्याकडे काय होतं?

डिव्हाइज्ड नाटक ही बाहेरून आलेली चीज आहे, असा आपला समज असतो. जरा मागे जाऊ. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. मराठी नाटकाची सुरुवात आपण तिथून मोजतो. त्या नाटकांमध्ये सूत्रधार पदं म्हणायचा, आणि मधली भाषणं पात्रं स्वतःच, त्या त्या प्रसंगी सुचेल तशी करायची. म्हणजे मराठी नाटक जन्माला आलं तेच मुळी अर्धं लिहिलेलं आणि अर्धं नटांनी घडवलेलं. हीच मंडळी १८५३ मध्ये मुंबईत आली आणि ग्रँट रोडच्या थिएटरात खेळ करून गेली. गिरगावातून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर.

ते जुनं झालं म्हणाल, तर दशावतार बघा. सिंधुदुर्गातल्या मोचेमाडकर, आरोलकर, वालावलकर अशा मंडळ्या दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि पावसाळ्यापर्यंत रोज रात्री वेगळ्या गावच्या जत्रेत खेळ करतात. छापील संहिता नसते. आज कोणतं आख्यान लावायचं हे ठरतं, कोण कोणतं सोंग घेणार हे ठरतं, कथेचे टप्पे बोलून घेतले जातात, आणि मग रंगभूषा केलेला राजा पखवाजाच्या साथीला समोरच्या राजाशी पाऊण तास शब्दांनी लढतो. पुढचं वाक्य काय येणार हे दोघांनाही ठाऊक नसतं. गिरण्यांमध्ये कोकणातून आलेला कामगार मोठ्या संख्येने होता, म्हणून हे खेळ परळच्या दामोदर हॉलपर्यंतही आले. तिथे बसलेल्या प्रेक्षकाला 'इम्प्रोव्हायझेशन' हा शब्द माहीत नसला तरी नट कधी अडला आणि कधी सुटला हे बरोबर कळायचं.

आणि दादा कोंडके? नायगाव-लालबागच्या गिरणी वस्तीत वाढलेला हा माणूस १९६५ पासून 'विच्छा माझी पुरी करा' करत राहिला. लेखक वसंत सबनीस. पण कालच्या बातमीवरचा आजचा टोमणा सबनीसांनी कसा लिहून ठेवणार? तो दादांनी त्या रात्री, त्या प्रेक्षकाकडे बघून मारायचा. संहितेत तेवढी जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली होती, कारण वगाची रीतच तशी आहे.

या सगळ्याला मर्यादा होत्या, हे मान्य करायला हवं. दशावतारी नट उत्स्फूर्त बोलू शकतो, कारण कथा सगळ्यांना पाठ असते. नारद आला की काय होणार हे प्रेक्षकालाही माहीत असतं. आजच्या डिव्हाइज्ड नाटकाचा दावा मोठा आहे : जी गोष्ट अजून कुणीच सांगितलेली नाही, ती शोधायची. शिवाय दशावतारात बाईची भूमिका पुरुषच करत आले, आणि मंडळीतल्या नटाची कमाई कधीच सुखाची नव्हती. तेव्हा 'आमच्याकडे सगळं होतंच' असं छाती फुगवून सांगण्यात अर्थ नाही. मुद्दा एवढाच की तालमीत आणि प्रयोगात नाटक घडवण्याचं कसब इथं कधी दुर्मीळ नव्हतं. दुर्मीळ काय होतं ते वेगळंच आहे.

वायमार आणि मुंबई

१९७३ साली मुंबईत एक महत्त्वाची गोष्ट घडली. पूर्व जर्मनीतल्या वायमारच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ आणि विजया मेहता यांनी मिळून ब्रेख्तचं 'कॉकेशियन चॉक सर्कल' मराठीत केलं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणलं आणि नाव ठेवलं 'अजब न्याय वर्तुळाचा'. पुढे देवाणघेवाण उलट्या दिशेनेही झाली. विजयाबाईंनी जर्मनीत जाऊन जर्मन नटांना घेऊन 'शाकुंतल' केलं, वायमारमध्ये कर्नाडांचं 'हयवदन' केलं, १९९२ मध्ये लाइपझिगच्या नटांबरोबर 'नागमंडल' केलं. परदेशी निवासी कंपनीशी मराठी रंगकर्मीचा इतका लांब चाललेला संबंध मला दुसरा माहीत नाही.

आता या दोन जागा शेजारी ठेवून बघा. वायमारचं नाट्यगृह ही जुनी संस्था. तिथल्या दरबारी नाट्यगृहाची सूत्रं १७९१ पासून पंचवीसेक वर्षं खुद्द गटेने सांभाळली होती, आणि हाच गटे 'शाकुंतला'चं भाषांतर वाचून हरखून गेला होता. विजयाबाईंना तिथे जे नट मिळाले, त्यांची नोकरीच नट असण्याची होती. सकाळी उठून ते तालमीला यायचे, कारण ते त्यांचं ऑफिस होतं.

मुंबईतल्या प्रायोगिक नाटकाचा नट मात्र आधी दुसऱ्या ऑफिसला जायचा. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी वर्तमानपत्रात, कुणी सरकारी खात्यात. संध्याकाळी फोर्टातून सुटून दादरला उतरायचं आणि तालमीला उभं राहायचं. १९६० साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे यांच्यासारख्या लोकांनी सुरू केलेली 'रंगायन' अशाच फावल्या वेळावर चालली आणि तिने मराठी नाटकाचा चेहरा बदलला. त्या लोकांच्या ताकदीबद्दल आदर वाटतो तो यासाठीच. पण ही ताकद किती काळ पुरणार? दशकभरात 'रंगायन' थांबली. त्यामागे मतभेद होते, माणसं होती, सगळं होतं. तरी नुसत्या फावल्या वेळावर उभी राहिलेली संस्था पिढीभर टिकावी, अशी अपेक्षा आपण दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात करतो का?

मूळ नाटक ब्रेख्तने बर्लिनर एन्सेम्बलमध्ये १९५४ साली केलं, तेव्हा त्याच्या तालमी महिनोन् महिने चालल्या होत्या. ब्रेख्त आणि हेलेना वायगेल यांनी १९४९ साली उभी केलेली ती कंपनी होती. एखादा प्रसंग करून बघायचा, फोटो काढायचे, चर्चा करायची, टाकून द्यायचा. ब्रेख्तच्या सिद्धांतावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. अलिप्तता, गाणी, फलक, सूत्रधार. त्या सिद्धांताला जो वेळ लागला त्याचा पगार कोण देत होतं, यावर मात्र फारसं बोललं जात नाही.

पॅरिसजवळचं 'थिएत्र दू सोलेय' घ्या. आरियान म्नुश्किन आणि तिच्या मित्रांनी १९६४ मध्ये ते सहकारी संस्था म्हणून सुरू केलं. 'सामूहिक निर्मिती' या शब्दाला जगात प्रतिष्ठा मिळाली त्यात त्यांच्या १९७० सालच्या '१७८९' या नाटकाचा मोठा वाटा. त्यांच्या शैलीची नक्कल जगभर झाली. पण तिथली खरी रीत अशी, की नटापासून स्वयंपाक बघणाऱ्यापर्यंत सगळ्यांना सारखा पगार. ही गोष्ट शैलीत धरली जात नाही. मी ती शैलीतच धरतो. ज्या संचात सगळ्यांना सारखं मिळतं, तिथे मॉबमधला माणूस वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो.

'शांतता!'मधला इशारा

इथे मला एका जुन्या नाटकाकडे वळायचं आहे. 'शांतता! कोर्ट चालू आहे' बाईवर होणाऱ्या अन्यायाचं नाटक म्हणून आपण वाचतो, आणि ते आहेच. पण १९६७ मध्ये अरविंद देशपांडेंनी 'रंगायन'साठी बसवलेलं हे नाटक आणखी एका गोष्टीबद्दल आहे : एका हौशी संचाबद्दल.

आठवून बघा. मुंबईहून एक मंडळ अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला एका गावात आलंय. रात्री प्रयोग, मधे वेळ मोकळा. ऐनवेळी आलेल्या सामंत नावाच्या साध्याभोळ्या माणसाला कोर्ट कसं चालतं ते समजावं, म्हणून सगळे एक लुटुपुटीचा खटला चालवायचं ठरवतात. आरोपी : बेणारे बाई. आरोप : भ्रूणहत्या. संहिता नाही. प्रत्येकाने आपापल्या भूमिकेत राहून सुचेल ते बोलायचं. हा सरळसरळ डिव्हायजिंगचा तास आहे.

आणि त्या तासात काय होतं? जो तो खेळाच्या नावाखाली खरी माहिती आत आणतो. एक जण ऐकलेलं सांगतो, दुसरा पाहिलेलं, तिसरा मनातलं. खेळाचा नियम असा की बेणारे आरोपी आहे, म्हणून तिने पिंजऱ्यात उभं राहायचं. न्यायाधीश कोण? ज्याच्यापुढे सगळे दबून असतात तो काशीकर. म्हणजे उत्स्फूर्ततेच्या खेळात सत्ता कुणाकडे होती, हे खेळ सुरू होण्याआधीच ठरलेलं होतं. सुलभा देशपांडेंनी केलेली बेणारे आजही सांगितली जाते ती त्या शेवटच्या स्वगतासाठी. पण माझ्या मते नाटकातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट म्हणजे सहकाऱ्यांचा उत्साह. त्यांना मजा येतेय. सुचतंय. 'इम्प्रोव्ह' जमतंय.

डिव्हाइज्ड नाटक शिकायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे नाटक बरोबर न्यावं, असं मला वाटतं. सामूहिक निर्मितीत सगळे समान असतात, हे गृहीत धरणं धोक्याचं आहे. कुणाची आठवण वापरली गेली, कुणी ती सांगितली, कुणी ती छाटली आणि पोस्टरवर कुणाचं नाव आलं, हे विचारावं लागतं. लंडनच्या 'जॉइंट स्टॉक' या १९७४ साली सुरू झालेल्या कंपनीने यावर एक व्यवहारी तोडगा काढला होता. आधी नट, दिग्दर्शक आणि लेखक मिळून कार्यशाळा करायची, मग लेखकाने एकटं बसून लिहायचं, मग पुन्हा तालीम. कॅरिल चर्चिलचं 'क्लाउड नाइन' असं तयार झालं. कार्यशाळा सगळ्यांची असली तरी जबाबदारी घेणारी लेखिका एक होती. हे आदर्श आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण कोण कशाला उत्तरदायी हे स्पष्ट होतं.

एक प्रयोग, लालबागचा

माझी एक मैत्रीण लालबागच्या चाळीत वाढली. कॉलेजात असताना एकांकिकेच्या मॉबमध्ये सुरुवात करून पुढे दिग्दर्शनापर्यंत आली. युरोपातल्या एका निवासी कंपनीकडे वर्षभर शिकून ती परतली. तिथलं ती सांगते ते ऐकण्यासारखं आहे. सकाळी नऊ म्हणजे नऊ. आधी सगळ्यांनी मिळून जमीन पुसायची, तीस वर्षं काम केलेल्या नटीनेसुद्धा. मग शरीराचा, आवाजाचा सराव. दुपारचं जेवण पाळीपाळीने करायचं. नाटकाचा विषय ठरल्यावर पहिले दोन महिने काहीच पक्कं करायचं नाही. एकदा तीन आठवड्यांचं काम एका संध्याकाळी सगळ्यांच्या संमतीने टाकून दिलं, आणि कुणी रडलं नाही.

परत आल्यावर तिने गिरणगावातल्या खानावळींवर नाटक करायला घेतलं. विषय अस्सल. एकट्याने मुंबईत राहणाऱ्या गिरणी कामगारांना घरात रांधून जेवू घालणाऱ्या बायका हा या शहराच्या इतिहासातला फार मोठा आणि फार कमी लिहिला गेलेला भाग आहे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून याच बायकांना संघटित केलं. १९८२ चा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा खानावळींची उधारी कोण फेडणार होतं? नाटकाला एवढा प्रश्न पुरेसा होता.

तो प्रयोग मी पाहिला. त्यातली पहिली बारा-पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. चार बायका चार पाटांवर बसून पीठ मळतायत. संवाद नाहीत. त्यांच्या हातांची लय आधी वेगवेगळी, मग हळूहळू एक, आणि त्या लयीतून गिरणीचा आवाज तयार होतो. नंतर कळलं की हा प्रसंग तिने तीन मुलींना घेऊन स्वतःच्या घरी, आईकडून पीठ मळायला शिकत, महिनाभर केला होता. ते दिसत होतं. बोटांना माहीत होतं.

पुढचा तासभर मात्र वेगळाच होता. खुर्च्यांचा डोंगर झाला. एकाला सगळ्यांनी डोक्यावर उचललं. संथ गतीत पळणं झालं. कापडाची नदी झाली. संपाच्या प्रसंगात सगळे एकदम थिजले आणि एकदम ओरडले. हे तुम्ही पाहिलंय. मीही पाहिलंय, वेगवेगळ्या विषयांवरच्या वेगवेगळ्या नाटकांत. कार्यशाळेतून आलेले हे आकार कुठल्याही गोष्टीला लागू पडतात, म्हणून ते कुठल्याच गोष्टीचे नसतात. खानावळीऐवजी तिथे फाळणी ठेवली असती तरी कापडाची नदी तीच राहिली असती.

तिला हे माहीत होतं. सहा नटांपैकी तीन मालिकेत होते. सहाही जण एकाच वेळी हजर, अशा तालमी किती झाल्या हे तिने बोटांवर मोजून दाखवलं, आणि दुसरा हात लागला नाही. हॉल तासावर भाड्याने. तालमीचे पैसे अर्थातच नाहीत, कारण आपल्याकडे नटाला मिळते ती 'नाईट', प्रयोगाची. तालीम ही त्याने नाटकाला दिलेली देणगी असते. अशा वेळी दिग्दर्शक काय करणार? जे लवकर बसतं ते बसवणार. आणि कार्यशाळेतले आकार लवकर बसतात, त्यांचा मोठा गुण तोच.

आणखी एक गोष्ट मला खटकली, तीही लिहितो. नाटकात एका बाईच्या तोंडी उधारीच्या वहीबद्दलचा एक मोठा तुकडा होता. तो एका खऱ्या खानावळवालीने सांगितलेला. पत्रकावर 'लेखन : समूह' असं छापलं होतं. ती बाई त्या समूहात होती का? प्रयोगाला ती आली होती का? तिला विचारलं होतं, असं मैत्रीण म्हणाली, पण वाचून दाखवलं नव्हतं. बेणारेचा पिंजरा इथून फार लांब नाही. हेतू चांगला असला तरी दुसऱ्याचं बोलणं आपल्या खेळात वापरताना त्या माणसाला खेळाचे नियम माहीत असायला हवेत.

जागेचा हिशोब

तर मग दोष कुणाचा? शिकायला जाणाऱ्यांचा नाही. ते प्रामाणिकपणे शिकून येतात. फक्त येताना विमानात जे नेता-आणता येतं तेच येतं : व्यायाम, खेळ, आकार, शब्द. सकाळी नऊची वेळ, पुसायची जमीन, टाकून द्यायला मिळालेले तीन आठवडे येत नाहीत.

ज्यांना हे कळलं त्यांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. मुंबईतल्या शाळेत शिकवणाऱ्या वीणापाणी चावला यांनी १९८१ मध्ये इथेच 'आदिशक्ती' सुरू केली. इंग्लंडमध्ये आवाजाचं शिक्षण घेतलं, डेन्मार्कला युजेनिओ बार्बांकडे काम केलं. पण खरी निवासी कंपनी करायची वेळ आली तेव्हा, १९९३ मध्ये, त्या पुद्दुचेरीला निघून गेल्या. अतुल कुमार यांच्या 'कंपनी थिएटर'ने राहून काम करण्याची जागा केली ती कामशेतला. शेजारच्या कर्नाटकात सरकारने १९८९ मध्ये म्हैसूरला 'रंगायण' उभी केली, ब. व. कारंतांच्या हाताखाली, पगारी नटांची. आपल्या 'रंगायन'शी नावाचं साम्य आहे. नशिबाचं नाही. मुंबईच्या मराठी प्रायोगिक रंगभूमीला असा पगारी संच कधी लाभला नाही.

तरीही मुंबईने पगाराशिवाय जे केलं त्यामागे प्रत्येक वेळी एक जागा होती. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिकवायच्या. ती ओळख नसती तर १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'आविष्कार'ला १९७४ पासून शाळेचा तो हॉल मिळाला असता का? आणि तो मिळाला नसता तर 'छबिलदास चळवळ' हे शब्द आज आपण वापरले असते का? स्टेशनपासून दोन मिनिटांवर, नोकरी करून येणाऱ्याला परवडणारा एक साधा हॉल. स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' १९८३ साली आलं. लिहिणाऱ्या ज्योती म्हापसेकर पेशाने ग्रंथपाल, काम करणाऱ्या बहुतेक जणी कार्यकर्त्या. गावोगाव फिरताना तो संच टिकला, कारण त्यांना बांधून ठेवणारं नाटकापलीकडचं एक काम होतं. संघटना हीच त्यांची कंपनी होती.

आणि आज? 'थिएत्र दू सोलेय' १९७० मध्ये ज्या जागेत राहायला गेलं, ती 'कार्तुशरी' म्हणजे सैन्याचा काडतुसांचा जुना कारखाना. कारखाना बंद पडला, नाटकवाले शिरले, अजून आहेत. लोअर परळला फिनिक्स गिरणीचं काय झालं ते तुम्ही दर शनिवारी एस्केलेटरवरून बघता. सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये बांधलेला दामोदर हॉल, जिथे गिरणगावाने दशावतारापासून कामगार नाटकांपर्यंत सगळं पाहिलं, तो २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाला. नाटकवाले रस्त्यावर उतरले. आपल्याकडे परदेशी कार्यशाळेच्या बातमीला लाइक्स मिळतात. तालमीच्या हॉलचं भाडं ही बातमीच होत नाही.

'अजब न्याय वर्तुळाचा'ची मूळ कथा इथे फार उपयोगी पडते. मूल कुणाचं? जन्म देणारीचं की वाढवणारीचं? ब्रेख्तने या गोष्टीला एक चौकट घातली होती, जी बरेचदा गाळली जाते : दोन शेतकरी गट एका खोऱ्यासाठी भांडतायत, आणि ते खोरं शेवटी त्याला पाणी आणून पिकवणाऱ्या गटाकडे जातं. डिव्हाइज्ड नाटकाला हाच न्याय लावावा. नाटक कुणाचं, तर ज्यांनी ते वाढवलं त्यांचं. आणि हॉल कुणाचा, तर ज्यांनी तो शंभर वर्षं वापरून जिवंत ठेवला त्यांचा.

मग जावं की नाही?

जावं. जरूर जावं. पण शिकायला जाताना वही दोन घ्याव्यात. एकीत व्यायाम लिहा. दुसरीत हिशोब लिहा : या कंपनीला जागा कुणी दिली, भाडं किती, पगार कोण देतं, निर्णय कोण घेतं, भांडण झालं की कुणाकडे जातात, म्हातारा झालेला नट काय करतो. बार्बांच्या 'ओदिन'ला १९६६ मध्ये होल्स्टेब्रो नावाच्या डेन्मार्कमधल्या छोट्या गावाने गावाबाहेरची शेतावरची जागा दिली, म्हणून ती कंपनी उभी राहिली. नटांचे व्यायाम जगभर गेले. नगरपालिकेचा ठराव कुणी भाषांतरित केला नाही.

आणि आपण प्रेक्षकांनीही एक सवय लावून घ्यायला हरकत नाही. एखादं सामूहिक नाटक बघून बाहेर पडताना 'कल्पना भारी होती' एवढ्यावर थांबू नये. ही माणसं किती दिवस एकत्र होती, हे रंगमंचावर दिसतं. नजर कुठे जाते, कोण कुणाची वाट बघतं, चूक झाली तर कोण सावरतं यात दिसतं. दशावतार बघणाऱ्या परळच्या माणसाला ते दिसायचं. आपल्यालाही दिसेल, आणि दिसलं तर आपण ते लिहू, बोलू, मागू. तालमीला पैसे मिळायला हवेत ही मागणी एकट्या नटाने केली तर ती तक्रार ठरते. प्रेक्षकाने केली तर कदाचित निर्माता ऐकेल.

एकांकिकांच्या मोसमात संध्याकाळी माटुंग्याच्या किंवा परळच्या कॉलेजांच्या पॅसेजमधून एक चक्कर मारा. पंचवीस-तीस पोरं दोन महिने रोज एकमेकांच्या समोर उभी असतात, चहा वाटून पितात, सेट स्वतः रंगवतात, मॉबमधल्या पोरालाही नायकाचे संवाद पाठ असतात. मुंबईतला खरा संच मला अजून तिथेच दिसतो. तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली की तो मोडतो, कारण परीक्षेनंतर त्याला उभं राहायला पॅसेजही उरत नाही.